शालेय बालकांचे पोषण आणि तपासणी पथकातील वैद्य

कौमारभृत्य हे आयुर्वेदाचे स्वतंत्र अंग मानले गेले असले, तरी शाळेत जाणाऱ्या वयाच्या बालकाविषयी आपल्या ग्रंथांत त्या मानाने थोडेच विवेचन आढळते. बालक पहिल्या वर्षापर्यंत क्षीरप, दुसऱ्या वर्षापर्यंत क्षीरान्नाद आणि त्यापुढे अन्नाद, अशा तीन अवस्था सुश्रुताने सांगितल्या. ग्रंथकारांचे बहुतांश लक्ष मात्र पहिल्या दोन अवस्थांकडे आहे. स्तन्यदोष, धात्रीपरीक्षा, दंतोद्भेद, बालग्रह यांचा विस्तार आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. काश्यपसंहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रकाशित झाली, पण ती खंडित स्वरूपातच उपलब्ध आहे. त्यामुळे सहा ते चौदा वर्षांच्या अन्नाद बालकाचा विचार करताना वैद्याला चरकाच्या सूत्रस्थानातील व विमानस्थानातील सामान्य सिद्धान्तांचाच आधार घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात तो घेऊन शालेय पोषणाच्या प्रत्यक्ष कामाकडे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विषय निवडण्याचे कारण असे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. या कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात दोन आयुष वैद्यकीय अधिकारी (एक पुरुष, एक स्त्री), एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असावा, असे मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी करावयाची; जन्मजात व्यंगे, पोषणाची न्यूनता, बालवयातील व्याधी आणि विकासातील विलंब अशा चार वर्गांतील तीसेक अवस्था शोधावयाच्या; आणि आवश्यक त्या बालकास पुढे पाठवावयाचे. म्हणजेच महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत शाळकरी मुलाला वर्षातून एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहणारा वैद्य हा पुष्कळदा आपल्याच शास्त्राचा पदवीधर असतो. ही जबाबदारी लहान नाही. आपल्या संघटनेचे अनेक सदस्य या पथकांत आहेत, आणि जे नाहीत त्यांच्या दवाखान्यात व दुकानात पथकाने पाठवलेली मुले येतात.

शाळेत वैद्याने जावे ही कल्पना नवी नाही. भारतात शालेय मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली ती १९०९ साली बडोदे शहरात, सयाजीराव महाराजांच्या राज्यात. पुढे १९४६च्या भोर समितीने शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नसल्याची खंत नोंदवली, आणि १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. तपासणीचा इतिहास असा शंभर वर्षांहून जुना आहे. तपासणीनंतर काय, हा प्रश्नही तितकाच जुना आहे.

शालेय पोषण आहाराचे गणित

मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. परंतु आरंभीची काही वर्षे अनेक राज्यांत शिजवलेले अन्न न देता महिन्याला तीन किलो धान्य घरी दिले जाई. ते धान्य घरातल्या सर्वांच्या पोटात जाई, हे सांगावयास नको. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेले भोजन देण्याचा आदेश दिला आणि त्यातील किमान ऊर्जा व प्रथिनेही ठरवून दिली. नंतर हे प्रमाण वाढवण्यात आले. प्राथमिक वर्गासाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने, असे ते आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेचे नाव पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण असे झाले. शाळेत मात्र ती आजही ‘खिचडी’ या एकाच नावाने ओळखली जाते.

पथकातील वैद्याने हे गणित स्वतः एकदा मांडून पाहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. प्राथमिक वर्गातील एका मुलासाठी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम आणि तेल ५ ग्रॅम धरले जाते. तांदळातून सुमारे साडेतीनशे कॅलरी व सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात, डाळीतून सत्तरच्या आसपास कॅलरी व साडेचार ग्रॅम प्रथिने, तेलातून पंचेचाळीस कॅलरी. बेरीज ठरलेल्या प्रमाणाशी जुळते. पण डाळ निम्मी झाली तर प्रथिने दहा ग्रॅमच्या खाली येतात, आणि जी कमी होतात ती नेमकी तांदळातील उणीव भरून काढणारी प्रथिने असतात. साठ मुले हजर असतील त्या दिवशी पातेल्यात सहा किलो तांदूळ, बाराशे ग्रॅम डाळ, तीन किलो भाजी व तीनशे ग्रॅम तेल पडावयास हवे. हजेरीपट आणि कोठीतील वजनकाटा पाहून हे पाच मिनिटांत कळते. खिचडीचा रंग व दाटपणा पाहूनही अनुभवी वैद्यास अंदाज येतो. हे पाहताना स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर संशय घेण्याचे कारण नाही; पुरवठा उशिरा झाला किंवा भाजीचे अनुदान थकले की सर्वांत आधी भांडे त्यांचेच रिकामे होते.

दुसरे एक गणित याहून महत्त्वाचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला १७०० कॅलरी लागतात. शाळेतील ४५० म्हणजे त्याचा जेमतेम चौथा हिस्सा, तोही शाळा भरते त्याच दिवशी. रविवार, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी यांत तोही नाही. शाळेतील भोजन घरच्या भोजनाची पुरवणी असावे, त्याऐवजी नसावे, हे तत्त्व सामाजिक आरोग्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. व्यवहारात अनेक घरांत ते उलटे झालेले आढळते. सकाळी चहा आणि खारी किंवा टोस्ट, दुपारी शाळेतील खिचडी, आणि रात्री काय असेल ते, असा आहार सांगणारी मुले आमच्या पाहण्यात नेहमी येतात.

चरकाने विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. शालेय आहाराला ती लावून पाहिली असता आपल्या शास्त्राची दृष्टी किती व्यवहारी आहे हे लक्षात येते. राशीचा विचार वर झालाच. संयोगाच्या दृष्टीने तांदूळ व डाळ यांची जोडी उत्तमच. तिच्यात वाढताना लिंबाची फोड पिळली तर लोहाचे शोषण वाढते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर ते घटते, हे आधुनिक शास्त्रही सांगते. देशाचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात नाचणी, खानदेश-मराठवाड्यात ज्वारी-बाजरी हे मुलांचे सात्म्य धान्य. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तांदळात त्याचा लवलेशही म्हणण्याइतका नसतो. तरीही सर्वत्र तांदूळच शिजतो. उपयोगसंस्थेविषयी, म्हणजे भोजनाच्या नियमांविषयी, एकच सांगतो. हात धुण्यास पाणी व साबण नसेल तर बाकीच्या सात आयतनांचा परिणाम अर्धा होतो.

याच संदर्भात अंड्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवण्यात आला. या चर्चेत अनेकदा आयुर्वेदाचे नाव विरोधासाठी घेतले गेले, म्हणून हे नोंदवणे आम्हांस अगत्याचे वाटते. चरकाच्या अन्नपानविधी अध्यायात कोंबडीसह विविध पक्ष्यांच्या अंड्यांचे गुण सांगितले असून ती मधुर व सद्यःबलकर म्हटली आहेत. कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या कुलाचाराचा व श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. ग्रंथाच्या नावाने मात्र ग्रंथात नसलेली गोष्ट सांगू नये.

मापन

कृश बालक नजरेने ओळखता येते असा पुष्कळांचा समज असतो. अष्टौनिंदितीय अध्यायातील अतिकृशाचे वर्णन, म्हणजे सुकलेले नितंब, उदर व मान, उठून दिसणाऱ्या शिरा आणि मोठे भासणारे सांधे, हे फार पुढच्या अवस्थेचे आहे. त्याआधीची अवस्था काट्यावर व उंचीच्या पट्टीवरच सापडते. सुटसुटीत शरीरयष्टीची म्हणून वर्गात कौतुक होत असलेली मुलगी मापनात कृश ठरते, आणि तिच्या शेजारचा गोल चेहऱ्याचा मुलगा खुजा निघतो.

उदाहरणादाखल दहा वर्षांची एक मुलगी घेऊ. उंची १२५ सेंटिमीटर, वजन २० किलो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता १२.८ हा निर्देशांक येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात या वयाच्या मुलीसाठी कृशतेची सीमा साडेतेराच्या आसपास आहे; म्हणजे ही मुलगी कृश होय. शिवाय १२५ ही उंचीही त्या वयाच्या खालच्या सीमेवर आहे. आजची कृशता अलीकडच्या काळाची असू शकते. उंची कमी असणे हे मागील कित्येक वर्षांच्या, बहुधा पहिल्या दोन वर्षांच्या, उपासमारीचे व वारंवारच्या आजारांचे चिन्ह आहे. पहिलीवर आज उपाय चालतो, दुसरीवर फारसा चालत नाही. हा भेद पालकांना समजावून सांगितला पाहिजे, अन्यथा ते उंची वाढवणाऱ्या चूर्णांच्या मागे लागतात.

मापनातील अडचण पुष्कळदा वयाची असते. आपल्याकडील शाळेचे जनरल रजिस्टर उघडले तर १ जून ही जन्मतारीख किती मुलांच्या नावापुढे आहे हे पाहून नवख्यास आश्चर्य वाटेल. वय एक वर्षाने चुकले की निष्कर्षही चुकतो. अशा वेळी अंगणवाडीची जुनी नोंद, लसीकरणाचे कार्ड किंवा आजीची आठवण, यांपैकी जे मिळेल त्यावरून वय निश्चित करावे. काटा शून्यावर आहे ना, दप्तर खाली ठेवले ना, चपला काढल्या ना, वेणीचा अंबाडा पट्टीखाली आला नाही ना, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण एका दिवसात शंभर मुले तपासण्याच्या घाईत नेमक्या याच सुटतात.

पाच वर्षांखालील अतितीव्र कुपोषित बालकास पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करण्याची सोय आहे. शाळेतील कृश मुलासाठी तशी सोय नाही, कारण ती केंद्रे सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या बालकांसाठीच आहेत. म्हणून शाळकरी कृश मुलाचा उपचार बहुतांशी स्थानिक वैद्याच्याच हाती राहतो. येथे चरकाचे सूत्र मोलाचे आहे. कृशास बृंहण हवे, पण ते लघु व संतर्पण असावे. मंद झालेल्या अग्नीवर गुरू आहाराचा भार टाकू नये. पुनर्वसन केंद्रांतील आधुनिक पद्धतीही याच वाटेने जाते. तेथे पहिल्या दिवसांत शंभर मिलिलिटरला ७५ कॅलरी व एक ग्रॅमहूनही कमी प्रथिने असलेले दूध दिले जाते, भूक परत आल्यावरच १०० कॅलरीचे; आणि सुरुवातीच्या टप्प्यात लोह मुद्दाम दिले जात नाही. अग्नी आधी, बृंहण नंतर, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. त्यामुळे कृश मुलाला पहिल्याच भेटीत तुपातील पाक व अवलेह लिहून देण्याआधी त्याची भूक, मल व जिव्हा पाहावी. पेज, मुगाचे कढण, भाताबरोबर पातळ वरण व थोडे तूप यांनी सुरुवात करून दोन आठवड्यांनी वजन पाहावे.

पांडू आणि खडू

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या बालकांपैकी ६८.९ टक्के पांडुग्रस्त आढळली. शाळकरी वयासाठी २०१६-१८च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणाचा आधार आहे. त्यात देशभरातील पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत २४ टक्के व किशोरवयीनांत २८ टक्के प्रमाण आढळले. दोन सर्वेक्षणांतील रक्त घेण्याच्या पद्धती निराळ्या (पहिल्यात बोटाचे, दुसऱ्यात शिरेतील), म्हणून आकड्यांची सरळ तुलना करू नये. आपल्या कामासाठी लक्षात ठेवावयाच्या सीमा अशा : पाच ते अकरा वर्षांसाठी ११.५ ग्रॅम, बारा ते चौदासाठी १२ ग्रॅम. आणि आठच्या खाली गेल्यास तो तीव्र पांडू समजून त्वरित रुग्णालयात पाठवावे. नेत्रवर्त्म व नखे पाहून तीव्र पांडू कळतो, सौम्य मात्र निसटतो.

चरकाने पांडूचे पाच प्रकार सांगताना मृद्भक्षणजन्य पांडू वेगळा मोजला, याचे महत्त्व शाळेत गेल्यावर कळते. कषाय, क्षारयुक्त व मधुर मातीचे दोषपरत्वे परिणाम आणि न पचलेल्या मातीने होणारा स्रोतोरोध हे वर्णन आपण परीक्षेसाठी पाठ केलेले असते. आज माती खाणारी मुले अजूनही आहेत, पण शाळेत माती क्वचित सापडते. सापडते ती पाटीवरची पेन्सिल आणि खडू. मुलाला विचारले तर ते नाकारते. शेजारी बसणाऱ्याला विचारले तर तो लगेच सांगतो. दातांच्या कडेला पांढुरकी पूड, कंपासपेटीत चावलेले तुकडे, आईची ‘भिंतीचा रंग खरवडून खातो’ ही तक्रार, ही चिन्हे वैद्याने शोधावीत. आधुनिक शास्त्रानुसार ही सवय लोहन्यूनतेचे कारण व लक्षण दोन्ही असते. लोह दिल्यावर काही आठवड्यांत ती अनेकदा आपोआप सुटते. म्हणून अशा मुलाला मारून काही साधत नाही, हे शिक्षकांना सांगावे.

पांडू दिसला की लोह, ही सवय मात्र धोकादायक होय. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. तेथील फिकट मुलाचे डोळे पिवळे असतील, वारंवार सांधे वा पोट दुखत असेल, प्लीहा हाताला लागत असेल, भावंडांपैकी कोणाला रक्त द्यावे लागले असेल, तर आधी विद्राव्यता चाचणी करून घ्यावी. कामला समजून काढे देत बसू नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून त्यात तपासणी विनामूल्य होते. सिकलसेल व्याधी वा थॅलेसेमिया असलेल्या मुलाला तज्ज्ञाच्या सल्ल्याविना लोह देऊ नये; केवळ वाहक असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी, त्याचा लोहन्यूनतेचा उपचार होऊ शकतो.

सामान्य लोहन्यून मुलासाठी शाळेतच आठवड्याची गोळी मिळते. पाच ते नऊ वर्षांसाठी ४५ मिलिग्रॅम लोह व ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गुलाबी, आणि दहा ते एकोणीस वर्षांसाठी ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची निळी. ती भोजनानंतर, शिक्षकांसमोर घ्यावयाची असते. मळमळ किंवा काळा मल यांमुळे मुले ती खिडकीबाहेर टाकतात. आपल्यापैकी कोणी नवायस लोह, पुनर्नवा मंडूर किंवा धात्री लोह देत असेल, तर शाळेतील गोळी चालू आहे काय हे आधी विचारावे आणि नोंदीत दोन्ही लिहावे. आमच्या मते मंडूरादी कल्पांमुळे शाळेतील गोळी बंद करण्याचा सल्ला देऊ नये. तिचे लोहप्रमाण निश्चित आहे, आपल्या कल्पांतील उपलब्ध लोह तितक्या निश्चितपणे सांगता येत नाही. दीपन-पाचनाने गोळीची सहनशीलता वाढवणे, हे आपले कार्य होऊ शकते.

कृमींविषयी थोडक्यात. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो व एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. दोन वर्षांवरील बालकास ४०० मिलिग्रॅमची एक गोळी. चरकाने कृमिचिकित्सेचे अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असे तीन भाग केले. गोळी म्हणजे अपकर्षण झाले. अनवाणी चालणे, उघड्यावरील शौच, न कापलेली नखे ही निदाने तशीच राहिली तर काही महिन्यांत कृमी परत येतात. विडंगासारख्या द्रव्यांचा प्रकृतिविघातासाठी उपयोग करावयाचा असल्यास तो गोळीनंतर करावा.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

पोषणाच्या नावाने सर्वाधिक खर्च पालक आपल्या दुकानात करतात. च्यवनप्राशादी अवलेहांत मोठा भाग शर्करेचा असतो. चमचाभर अवलेहाने प्रथिनांची उणीव भरून येत नाही, आणि त्याच पैशांत महिनाभराची मूगडाळ व शेंगदाणे येतात. हे सांगितल्याने एक विक्री जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल असा आमचा अनुभव आहे. सुवर्णप्राशनाच्या शिबिरांबाबतही हेच. काश्यपाच्या लेहाध्यायात त्याचा उल्लेख आहे, तो आम्ही मानतो. परंतु शाळेत पुष्य नक्षत्रावर दोन थेंब देऊन ‘कुपोषण हटले’ असा फलक लावणे शास्त्राला कमीपणा आणते.

उंची वाढवण्याचा दावा कायद्यातही बसत नाही. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत शरीराच्या उंचीचा अंतर्भाव आहे, आणि औषधनियमांच्या अनुसूची जे मध्येही मुलांची उंची वाढवण्याचा दावा निषिद्ध आहे. अशा वेष्टनाचा माल दुकानात ठेवू नये. पारद, हिंगुळ, हरताळ, वत्सनाभ, कुचला ही द्रव्ये असलेले कल्प अनुसूची ई-१ मध्ये येतात व त्यांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. बालकासाठी ते चिठ्ठीवाचून देऊ नयेत, मग मागणारा कितीही ओळखीचा असो.

आणखी एक बाब गंभीर आहे. शरीराच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह पोटात गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. दहा किलोच्या धाकट्या भावंडाने ताईच्या दप्तरातील निळ्या, साखरेचा लेप असलेल्या दहा गोळ्या गोडीने खाल्ल्या, तर हे प्रमाण पूर्ण होते. उलटी, रक्तमिश्रित मल, सुस्ती अशी तक्रार घेऊन कोणी दुकानात आले तर काहीही न देता तत्काळ रुग्णालयात धाडावे. मधल्या काही तासांत मूल बरे वाटू लागते, त्यावर विसंबू नये. शाळेतील गोळ्या घरी देऊ नयेत, त्या समोरच खाऊ घालाव्यात, या नियमाचे एक कारण हेही आहे. सुट्टीत त्या घरी द्याव्या लागल्याच, तर उंच फळीवर, झाकणाच्या डब्यात ठेवण्याची सूचना विक्रेत्यानेही प्रत्येक लोहकल्पाबरोबर द्यावी.

पाठवलेल्या मुलाचे पुढे काय

पथकाच्या कामातील सर्वांत कच्चा दुवा हा आहे. मुलाच्या हातात चिठ्ठी दिली जाते. ती दप्तरात राहते, किंवा घरी पोहोचली तरी मजुरी बुडवून तालुक्याला जाणे आईला परवडत नाही. पुढील वर्षी तेच मूल त्याच तक्रारीसह समोर उभे राहते. हृदयात कुरकुर ऐकू आलेले, बिटॉटचे डाग दिसलेले, किंवा आठ ग्रॅमच्या खालचे मूल असे वर्षभर थांबू शकत नाही.

आमच्या काही सदस्यांनी यावर एक साधा परिपाठ ठेवला आहे. चिठ्ठी तीन प्रतींत लिहावयाची : एक पालकास, एक वर्गशिक्षकास, एक गावातील आशाताईस. त्यावर रोगाचे नाव मराठीत, जाण्याचे ठिकाण, वार, खोली क्रमांक आणि सोबत न्यावयाचे कागद लिहावयाचे. खाली एक ओळ कोरी ठेवावयाची, जेथे रुग्णालयातील वैद्य काय केले ते लिहून परत पाठवील. ज्या गावात सदस्याचा दवाखाना आहे तेथे तिसऱ्या आठवड्यात आशाताईंकडे विचारणा करून गेलेली व न गेलेली मुले निराळी नोंदवावयाची. न गेलेल्यांच्या घरी संध्याकाळी, मजुरीवरून परतण्याच्या वेळी, जावयाचे. वजन दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेच्याच काट्यावर घ्यावयाचे, आणि तीन महिन्यांत एक किलोही न वाढलेल्या मुलाच्या बाबतीत क्षय, कृमी, सिलिअॅक व सिकलसेल यांचा विचार करून बालरोगतज्ज्ञाकडे दुसरी चिठ्ठी द्यावयाची. शाळा जूनमध्ये उघडल्यावर गतवर्षीची यादी घेऊनच पथकाने पहिल्या वर्गात पाऊल ठेवावे. नवी मुले नंतर तपासावीत.